वायफायवर सारखा कॅपचा, बँकेला दिसणारी 'मुंबई' आणि मावशीचा राउटर: तो आयपी ॲड्रेस नेमका कुणाचा?

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्याकडेही हेच होत असेल तर पुढचं वाचायला घ्या. घरच्या वायफायवर गूगलला काहीही शोधलं की "तुमच्या नेटवर्कवरून वेगळीच रहदारी होतेय" अशा अर्थाचं पान येतं आणि मग सिग्नल निवडा, बस निवडा, झेब्रा क्रॉसिंग निवडा, एकदा निवडून भागत नाही, तीन-तीन वेळा निवडायला लागतं (यालाच कॅपचा म्हणतात, तुम्ही माणूसच आहात ना याची परीक्षा). मोबाईल डेटावर गेलं की हे सगळं गायब. दुसरं लक्षण म्हणजे बँकेचा ईमेल येतो की तुमच्या खात्यात मुंबईहून लॉगिन झालं आणि तुम्ही तर सकाळपासून घराबाहेर पडलेले नाही. आणि तिसरं, राउटर बंद करून चालू केला की दोन दिवस सगळं छान आणि मग परत ये रे माझ्या मागल्या.

माझ्या मावशीकडे कराडला ही तिन्ही लक्षणं एकदम होती. डिसेंबरपासून तिचे फोन सुरू झाले, दर आठ-दहा दिवसांनी एक. मी पुण्यात ऑफिसांची नेटवर्क बघतो, त्यामुळे फोनवरच "राउटर बंद कर, दहापर्यंत मोज, चालू कर" सांगायचो आणि ते चालायचंही. हे चुकलं माझं. दोन दिवस बरं वाटतंय म्हणजे दुखणं गेलं असं नसतं हे कळायला पाहिजे होतं.

मग एक दिवस दुपारी तिचा फोन आला आणि आवाज थरथरत होता. कुणीतरी व्हिडिओ कॉल करून, पोलिसांचा गणवेश घालून तिला सांगितलं होतं की तुमच्या आयपी ॲड्रेसवरून (म्हणजे इंटरनेटवर तुमच्या कनेक्शनला मिळालेल्या नंबरवरून) घाणेरडे व्हिडिओ पाठवले गेलेत, तुमच्या नावावर केस आहे, फोन कट करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. डिजिटल अरेस्टची फसवणूक, ज्याच्याबद्दल पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये देशाला सावध केलं होतं तीच. मावशी हुशार आहे, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय तिनं, पण तिला ते खरं वाटलं, का तर महिनाभर स्क्रीनवर तेच वाचत होती की तुमच्या नेटवर्कवरून काहीतरी वेगळं चाललंय. आणि बँक पण म्हणतेय मुंबईहून लॉगिन. नशीब, गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं म्हणून तिनं फोन ठेवला आणि मला लावला. त्यानंतर मात्र मी संक्रांतीला सुट्टी काढून कराडला गेलो, म्हटलं आता हे मुळापासून बघायचंच.

पहिली पायरी: आपला आयपी कुठला ते बघा, आणि दोन ठिकाणी बघा

बहुतेक लोक "माझा आयपी काय" असं सर्च करतात, जो नंबर दिसतो तो लिहून घेतात आणि त्यालाच आपला समजतात. तो नंबर एकटा काहीच सांगत नाही. दुसरा नंबर राउटरच्या आत बघायचा असतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका (टाकताना अर्थातच इंग्रजी आकडे), पासवर्ड राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर असतो, आणि आत गेल्यावर स्टेटस किंवा वॅन नावाचं पान शोधा. तिथे राउटरला कंपनीकडून मिळालेला आयपी दिसतो.

मावशीचा राउटर फ्रिजच्या वर, देवाच्या कॅलेंडरच्या मागे. स्टुलावर चढून कागद वाचला, लॅपटॉपवर पान उघडलं. बाहेरच्या साइटवर जो आयपी दिसत होता तो एक, आणि राउटरच्या वॅनच्या रकान्यात वेगळाच, १००.७२ ने सुरू होणारा. इथंच अर्धं उत्तर मिळालं.

दोन्ही नंबर सारखे असतील तर तो आयपी खरंच तुमच्या घराचा आहे, निदान आजपुरता तरी. वेगळे असतील आणि राउटरमधला नंबर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. काही कंपन्या त्याच कामाला १० ने सुरू होणारे नंबर देतात, अर्थ तोच. (१९२.१६८ ने सुरू होणारा दिसला तर मात्र बहुधा घरातच दोन राउटर एकामागे एक लागलेत, कंपनीचा डबा आणि तुम्ही आणलेला राउटर, तो निराळा विषय आणि सोपा आहे, एकाला ब्रिज मोडमध्ये टाकायचं, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून नुसतं जोडणीपुरतं ठेवायचं.)

सीजीनॅट म्हणजे काय हे मी मावशीला पी.पी. नंबर म्हणून सांगितलं आणि तिला एका वाक्यात कळलं. जुन्या लग्नपत्रिका आठवा, फोन नंबर आणि पुढे कंसात पी.पी. फोन असायचा खालच्या किराणा दुकानदाराचा, नंबर द्यायची अख्खी चाळ. बाहेरच्याला वाटायचं हा जोशींचा नंबर, पण तोच नंबर कुलकर्णींचा, तोच शेख मास्तरांचा. आता त्या चाळीतल्या एखाद्या पोरानं त्या फोनवरून कुणाला शिव्या घातल्या तर नाव खराब होणार त्या नंबरचं, आणि मग जोशींनी साधा चौकशीचा फोन केला तरी पलीकडचा माणूस आधी विचारणार, कोण बोलतंय, नीट सांगा. कॅपचा म्हणजे तेच "कोण बोलतंय".

ही वेळ का आली ते पण थोडक्यात. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही४ च्या पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ आहे, त्यापलीकडे एकही नाही. मोठा वाटतो आकडा, पण जगात माणसंच त्याच्या दुपटीच्या आसपास आणि प्रत्येकाकडे फोन, लॅपटॉप, टीव्ही. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट वाटून संपले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचं वाटप बघणारी एपनिक संस्था तिच्या शेवटच्या गटापर्यंत आली. भारतात स्वस्त डेटाची लाट २०१६ नंतरची, म्हणजे आपण जेवायला बसलो तेव्हा पातेलं जवळपास रिकामं होतं. ही टंचाई आधीच दिसत होती, म्हणून एप्रिल २०१२ मध्येच तो १००.६४ वाला पट्टा खास याच कामासाठी बाजूला काढला, कंपन्यांनी आतल्या आत ग्राहकांना हे नंबर द्यायचे आणि बाहेर एका खऱ्या आयपीमागे अनेक घरं उभी करायची. कोणाचं उत्तर कोणाच्या घरी पाठवायचं ते पोर्ट नंबरवरून ठरतं, एका आयपीवर असे ६५,५३६ पोर्ट असतात आणि ते घराघरांत वाटून दिलेले असतात.

मग बँकेला मुंबई का दिसली

आयपीवरून गाव शोधणारी यादी असते, ती काही खाजगी कंपन्या तयार करतात आणि बँका, ॲप, जाहिरातवाले सगळे ती वापरतात. त्या यादीत आयपीच्या पुढे लिहिलेलं गाव म्हणजे बऱ्याचदा इंटरनेट कंपनीचं ऑफिस किंवा ज्या शहरात तिची लाइन मोठ्या इंटरनेटला मिळते ते शहर. कराडच्या घरातली लाइन मुंबईत बाहेर पडत असेल तर जगाला मुंबई दिसणार. मोबाईल डेटावर तर याहून जास्त गंमत होते, फोन कोल्हापुरात आणि आयपी दुसऱ्याच शहराचा.

या यादीवर किती विश्वास ठेवायचा याचं एक उदाहरण मी सगळ्यांना सांगतो. अमेरिकेत मॅक्समाइंड नावाची कंपनी अशी यादी बनवते. ज्या आयपीबद्दल फक्त "अमेरिकेत आहे" एवढंच माहीत असायचं त्याच्यासमोर ते देशाच्या साधारण मध्यावरचा एक ठोकताळ्याचा बिंदू टाकायचे. तो बिंदू नेमका कॅन्सस राज्यातल्या एका शेतघरावर पडला. ६० कोटींच्या वर आयपींसमोर तोच पत्ता! चोरीला गेलेले फोन, फसवणुकीचे मेल, हरवलेली माणसं, जो तो त्या शेतावर येऊन दार वाजवायचा, पोलीससुद्धा. २०१६ मध्ये ही गोष्ट बाहेर आली तेव्हा कंपनीनं तो बिंदू उचलून एका तलावाच्या मध्यभागी नेऊन ठेवला. त्या घरातल्या लोकांनी काय भोगलं असेल विचार करा, आणि त्यांचा या भानगडींशी काही संबंधच नाही.

तर बँकेचा असा ईमेल आला की गाव बघत बसू नका, वेळ आणि डिव्हाइस बघा. ज्या मिनिटाला तुम्ही स्वतः ॲप उघडलं तीच वेळ आहे का, आणि फोनचं मॉडेल तुमचंच आहे का. मावशीचे चारही ईमेल आम्ही समोर ठेवून तपासले, चारही वेळा तिनंच लाइटबिल नाहीतर गॅसचं बिल भरलेलं, फोन तिचाच. वेळ जुळत नसेल किंवा फोन अनोळखी असेल तर मात्र एक मिनिट घालवू नका, ॲपमध्ये किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवरून बँक गाठा, पासवर्ड बदला, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. ईमेलमधल्या लिंकवर कधीच नाही.

दुसरी पायरी: कॅपचाचं खरं कारण, आणि इथे मी घाई केली

आता सीजीनॅट सापडल्यावर मला वाटलं झालं काम. वरच्या मजल्यावर राहणारे काका त्याच कंपनीचं नेट वापरतात, त्यांच्या फोनवर बघितलं तर बाहेरचा आयपी हुबेहूब तोच आणि त्यांनाही कॅपचा येतोय. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणीतरी उद्योग करतंय, कंपनीला फोन करू, आपल्या हातात काही नाही, असं म्हणून मी तिळगूळ खाऊन पुण्याला परत निघणार होतो.

पण रात्री पाणी प्यायला उठलो. अडीच-पावणेतीन झाले असतील. स्वयंपाकघरात अंधार, आणि फ्रिजच्या वर राउटरचे दिवे बघितले तर वायफायचा दिवा नुसता फडफडतोय. घरात माणसं तीन, तिघंही झोपलेली, माझा लॅपटॉप बंद, फोन सगळे शांत. मग एवढं कोण बोलतंय? स्टूल ओढलं, फोनवरच राउटरचं पान उघडलं आणि जोडलेल्या डिव्हाइसची यादी काढली. या राउटरमध्ये प्रत्येक डिव्हाइससमोर किती डेटा आला-गेला ते दिसतं (सगळ्यांत नसतं, नवीन राउटरच्या मोबाईल ॲपमध्ये बहुतेक मिळतं). सगळ्यात वर एक चिनी दिसणारं नाव, आणि रात्री बारापासून त्यानं साडेतीन जीबी अपलोड केलेलं. अपलोड! डाउनलोड असतं तर अपडेट म्हणून सोडून दिलं असतं.

तो होता टीव्हीला लावलेला अँड्रॉइड बॉक्स. दिवाळीत मावसभावानं आणलेला, सगळे चॅनल फुकट, नाव कधी न ऐकलेलं. आणि कॅपचा सुरू झाला डिसेंबरमध्ये. रिमोटनं बंद केला होता, पण रिमोटनं बंद म्हणजे फक्त चित्र बंद, आतला कॉम्प्युटर चालूच.

हे प्रकरण नीट समजून घ्या, कारण मला जी घरं बघायला मिळाली त्यातल्या बऱ्याच घरांत मूळ इथंच निघालं. अशा डब्यांमध्ये कारखान्यातूनच किंवा पहिल्यांदा चालू करताना एक प्रोग्रॅम बसवलेला येतो, जो तुमचं कनेक्शन भाड्यानं देतो. कुणीतरी तिसरा माणूस पैसे भरून तुमच्या घरातून इंटरनेटवर जातो, खोटी खाती उघडतो, जाहिरातींवर खोटे क्लिक मारतो, चोरलेले पासवर्ड आजमावून बघतो, आणि समोरच्याला दिसतो तुमचा आयपी. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं याच प्रकाराबद्दल, बॅडबॉक्स २.० या नावानं, जाहीर सूचना काढली होती आणि जुलैमध्ये गूगलनं न्यायालयात दावा केला तेव्हा अशी १ कोटीच्या वर उपकरणं असल्याचं सांगितलं. फुकटचे व्हीपीएन (तुमचं नेट स्वतःच्या सर्व्हरमधून फिरवून तुमचा आयपी लपवणारी ॲप) पण याच माळेचे मणी असू शकतात. मे २०२४ मध्ये ९११ एस५ नावाचं जाळं पकडलं तेव्हा त्यात १ कोटी ९० लाख आयपी होते आणि लोकांनी स्वतःच्या हातानं मास्क व्हीपीएन, ड्यू व्हीपीएन असली फुकट ॲप टाकून आपले कॉम्प्युटर त्यात ओतले होते. खाजगीपणा मिळेल म्हणून टाकलेलं ॲप, आणि त्यानंच घराचं दार उघडं ठेवलं. मला याचा खरंच राग येतो.

तर शोधायचं कसं. लोक काय करतात, एक-एक डिव्हाइस बंद करून लगेच कॅपचा गेला का बघतात, नाही गेला की ते डिव्हाइस निर्दोष ठरवतात. इथंच फसतं. आयपीचं नाव एकदा खराब झालं की ते सुधारायला दिवस लागतात, डबा काढल्यावर दहा मिनिटांत काही फरक पडत नाही. म्हणून कॅपचावरून नाही तर रात्रीच्या अपलोडवरून शोधा. झोपायच्या आधी राउटरमधले आकडे लिहून ठेवा, सकाळी उठल्या-उठल्या परत बघा. सीसीटीव्ही क्लाउडवर रेकॉर्डिंग टाकत असेल किंवा फोन फोटोंचा बॅकअप घेत असेल तर त्यांचं अपलोड समजण्यासारखं आहे. टीव्हीच्या डब्याचं साडेतीन जीबी अपलोड कशासाठी? राउटरमध्ये आकडे दिसत नसतील तर सगळ्यात संशयास्पद वस्तूचा प्लग भिंतीतून काढा (रिमोट नाही, प्लग) आणि पूर्ण आठवडाभर बाहेर ठेवा.

डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट मारून भागत नाही, कारण ते मुळातल्या सॉफ्टवेअरमध्येच असतं, रीसेट केल्यावर तेच परत उभं राहतं. तो टाकूनच द्यायचा. आणि कृपा करून कामवाल्या ताईंना किंवा गावाकडे कुणाला देऊ नका, त्यांच्या घरी तोच ताप. नवीन घेताना प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट'मध्ये प्ले प्रोटेक्टचं सर्टिफिकेशन दिसतंय का ते बघा.

मावशीकडचा डबा काढला, राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदलला (तो अजून ॲडमिन-ॲडमिनच होता), वायफायचा पासवर्ड बदलला, राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट केलं, यूपीएनपी नावाचा पर्याय (घरातल्या वस्तूंना न विचारता राउटरचं दार उघडू देणारा) बंद केला. पाचव्या दिवशी मावशीचा फोन, आज एकदाच कॅपचा आला. आठव्या दिवसापासून बंद. वरच्या काकांचाही बंद, म्हणजे चाळीच्या फोनवरून शिव्या देणारं पोरगं आमच्याच घरातलं होतं.

राउटर बंद-चालू केल्यावर दोन दिवस बरं का वाटायचं तेही आता उलगडतं. नव्यानं जोडलं की कंपनी दुसऱ्या बाहेरच्या आयपीमागे उभं करायची, तो स्वच्छ असायचा, आणि दोन दिवसांत आमचा डबा त्याचीही वाट लावायचा.

तिसरी पायरी: आयपीव्ही६ चालू करा

हे मी आठवड्यानंतर केलं, मुद्दाम, म्हणजे कशानं काय झालं ते वेगळं कळावं. आयपीव्ही६ म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, तिच्यात पत्त्यांची टंचाईच नाही, त्यामुळे प्रत्येक घराला स्वतःचा वेगळा पट्टा मिळतो आणि गूगल, यूट्यूबसारख्या मोठ्या साइट त्याच वाटेनं जातात, चाळीच्या फोनची गरजच पडत नाही. भारत आयपीव्ही६ वापरात जगातल्या पुढच्या देशांपैकी आहे, मोबाईलवर तर तुम्ही नकळत तेच वापरताय. म्हणूनच पुष्कळदा मोबाईल डेटावर कॅपचा येत नाही आणि घरच्या वायफायवर येतो. राउटरमध्ये मात्र ते बऱ्याचदा बंद असतं. वॅनच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६ चालू करा, आयपीव्ही६ चा फायरवॉल चालू आहे ना ते बघा, कंपनी देत नसेल तर ग्राहक सेवेला विचारा.

याची दुसरी बाजू पण सांगायला हवी. सीजीनॅटच्या गर्दीत तुम्ही थोडे लपलेले असता, आयपीव्ही६ मध्ये पत्त्याचा पहिला भाग तुमच्या घराचाच असतो. मागचा भाग, जो त्या-त्या फोनचा असतो, तो आताचे फोन आणि विंडोज स्वतःहून ठराविक काळानं बदलत राहतात, त्यामुळे कुठला फोन ते सहज कळत नाही. मला हा सौदा पटतो, पण तुम्हाला नसेल पटत तर तेही चुकीचं नाही.

आता आयपीवरून कुणाला काय कळतं

साइटला कळतं तुमची इंटरनेट कंपनी आणि अंदाजे शहर. नाव नाही, घर नंबर नाही. इंटरनेट कंपनीला मात्र कळतं की हे कनेक्शन अमुक माणसाचं, आणि साइटला कुलूपवालं एचटीटीपीएस असेल तरी तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते साधारण कळतं, त्या साइटवर काय वाचलं किंवा टाइप केलं ते नाही. इन्कॉग्निटोचा आयपीशी काही संबंध नाही, तो फक्त तुमच्याच फोनवरची हिस्ट्री ठेवत नाही.

पोलिसांना माहिती हवी असली की ते इंटरनेट कंपनीकडे रीतसर मागतात आणि सीजीनॅटमध्ये नुसता आयपी देऊन माणूस सापडत नाही, सेकंदापर्यंत वेळ आणि पोर्ट नंबर लागतो, कारण त्या क्षणाला त्या एका आयपीमागे अनेक घरं असतात. यात चूक झाली तर काय होतं हे आपल्या पुण्यानं बघितलंय. २००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्याच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका इंजिनियर तरुणाला उचललं. कंपनीनं दिलेली आयपीची माहितीच चुकीची होती. तो मुलगा जवळजवळ ५० दिवस येरवड्यात होता, काहीही केलेलं नसताना. म्हणून कुणी "आयपी सापडलाय म्हणजे तूच" असं म्हणालं की मला ते शेतघर आणि येरवडा दोन्ही आठवतं.

आणि मावशीला मी हेच सांगितलं. "मावशी, तुझा म्हणून जो आयपी तो माणूस सांगत होता तो तुझा एकटीचा नाहीच. आणि पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, पैसे मागत नाहीत." ती म्हणाली, "अरे मग मी महिनाभर घाबरले ती उगाचच होय रे?" उगाच नाही, डबा खरंच घरात होता, पण त्या कॉलवाल्याला त्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं, तो अंधारात दगड मारत होता आणि ज्याच्या घरी आधीच असे मेसेज येतायत त्यालाच तो लागतो.

व्हीपीएन घेऊ का, असं यावर सगळे विचारतात. कॅपचा घालवायला तर मुळीच नको, व्हीपीएनच्या एका आयपीमागे पण अशीच गर्दी असते आणि तिथे कॅपचा वाढतो, कमी होत नाही. खाजगीपणासाठी म्हणाल तर व्हीपीएननं नजर नाहीशी होत नाही, इंटरनेट कंपनीच्या जागी व्हीपीएन कंपनी बघायला लागते. भारतात सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची, त्यावरून एक्स्प्रेस व्हीपीएन, नॉर्ड, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. स्टेशनवरच्या फुकट वायफायवर काम करावंच लागत असेल तर पैसे भरून चांगला घ्या, फुकटचा कधीच नको.

त्यापेक्षा दोन छोट्या गोष्टी आजच करा, दोन्ही फुकट. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, प्रायव्हसी, ॲडव्हान्स्ड आणि तिथे 'कॉलमध्ये आयपी ॲड्रेस सुरक्षित ठेवा' असा पर्याय आहे, तो चालू करा. नाहीतर दोघांच्या कॉलमध्ये समोरच्या फोनला तुमचा आयपी थेट मिळू शकतो, ग्रुप कॉलमध्ये नाही. आवाज किंचित कमी-जास्त होईल, चालतंय. दुसरं, अँड्रॉइड ९ किंवा नंतरच्या फोनवर नेटवर्क सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस असतं, तिथे क्लाउडफ्लेअर किंवा गूगलचं नाव टाकलं की कुठल्या साइटचा पत्ता विचारताय ते वाटेत कुणाला उघड वाचता येत नाही.

सीसीटीव्ही बाहेरून दिसत नाही ही तक्रार पण याच सीजीनॅटमुळे असते, पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून आत यायला राउटरमध्ये दार उघडून) कितीही डोकं आपटलं तरी चालणार नाही, कारण दार कंपनीच्या गेटवर बंद आहे. डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याच्या) ॲपमध्ये क्यूआर कोड स्कॅन करून जोडायचा पर्याय असतो तो वापरा. किंवा महिन्याला जास्तीचे पैसे भरून कंपनीकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आणि तुमच्या एकट्याचा, आयपी घ्या, पण मग डीव्हीआरचा मूळ पासवर्ड आधी बदला. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं असे मूळ पासवर्डवाले कॅमेरे आणि डीव्हीआर गोळा करून अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या साइट काही तास बंद पाडल्या होत्या.

एवढं सगळं करून, घरातले सगळे डबे तपासून, दहा दिवस थांबूनही कॅपचा येतच असेल तर मग खराबी खरंच शेजारपाजारची असू शकते. तेव्हा ग्राहक सेवेला "नेट स्लो आहे" असं सांगू नका, ते तुम्हाला राउटर बंद-चालू करायलाच लावतील. असं सांगा: "माझा वॅन आयपी १००.६४ च्या पट्ट्यातला आहे, बाहेरचा आयपी अमुक आहे, तो बदनाम यादीत गेलाय, माझ्या घरातली उपकरणं मी तपासलीत, मला दुसऱ्या आयपी गटात टाका आणि आयपीव्ही६ चालू करून द्या." तक्रार नंबर घ्या, आणि समोरच्याला कळलं नाही तर नेटवर्क टीमकडे पाठवा म्हणा. वरच्या काकांनी हे शब्दन् शब्द कागदावर लिहून फोनच्या शेजारी चिकटवलंय.